शून्यावर न येणारा काटा

१

जाळीचे झाकण उघडले तेव्हा हौदात दोनच नमुने होते.

प्रयोगशाळेचा परिचर रियाजने बाही खांद्यापर्यंत सारली, हौदाच्या काठावर पोट टेकवले आणि आत वाकून तळ चाचपला. दोन फूट पाण्याखाली त्याच्या हाताला पहिला नमुना लागला, तिसरा लागला. दुसरा नव्हता. तो सरळ उभा राहिला तेव्हा त्याच्या बोटांवरून निथळणाऱ्या पाण्याखेरीज चाचणी दालनात कसलाही आवाज नव्हता.

"कुलूप तर म्याच उघडलं ना आत्ता," तो म्हणाला. "तुम्हा सगळ्यांसमोर उघडलं."

नेमकी हीच गोष्ट त्याच्या मुळावर येणार होती.

१९९८ सालच्या मे महिन्यातला तो शनिवार होता. भूकंपाला पाच वर्षे होत आली होती, आणि लातूर शहरात शिकवणी वर्गांचे पेव फुटले होते. नांदेड, हदगाव, उदगीर, पार इस्लापूरकडची मुले बारावीसाठी इथे येऊन राहत. त्यांच्यासाठी 'किरणोदय क्लासेस'ने चार मजली वसतिगृह बांधले होते. मात्र भिंती कोसळताना पाहिलेल्या पालकांनी एक अट घातली होती: मुले आत पाठवण्यापूर्वी इमारतीचे खांब तपासून घ्यावेत. म्हणून तळमजल्याच्या तीन खांबांतून काँक्रीटचे तीन दंडगोल यंत्राने कापून काढले गेले आणि या तंत्रनिकेतनाच्या दालनात, नियमाप्रमाणे, दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवले गेले. शनिवारी अकरा वाजता ते दाबयंत्राखाली फोडायचे होते. तीनपेक्षा कमी नमुने असतील तर चाचणी ग्राह्य नाही, आणि नवा नमुना कापायला यंत्र तीन आठवडे मिळणार नव्हते. वसतिगृह सोमवारी सुरू होणार होते. पहिल्याच दिवशी दोनशे मुले तिथे राहायला येणार होती.

चाचणीचे त्रयस्थ साक्षीदार म्हणून चंद्रप्पा सर उदगीरहून सकाळच्या बसने आले होते. वय अडुसष्ट, नांदेडच्या एका तंत्र महाविद्यालयातून निवृत्त झालेले निदेशक. भूकंपानंतरच्या ऑक्टोबरात विद्यार्थ्यांची तुकडी घेऊन त्यांनी उभ्या राहिलेल्या भिंती मोजल्या होत्या. तेव्हापासून कुठल्याही खोलीत शिरताना त्यांची नजर आधी छताच्या कोपऱ्यांकडे जाई. आजही ती आधी तिकडेच गेली होती.

प्राचार्या ज्ञानेश्वरी मॅडम एकेकाळी त्यांच्याच विद्यार्थिनी. त्यांनी सरांना बाजूला घेतले.

"सर, हौदाच्या किल्ल्या दोन. एक माझ्या कपाटात, सही केलेल्या पाकिटात; पाकीट जसंच्या तसं आहे. दुसरी रियाजच्या कमरेला. त्यात त्याच्या मुलीला, जिक्राला, किरणोदयमध्ये फुकट प्रवेश मिळालाय. लोक काय जोडायचं ते जोडणारच. तीन वाजता व्यवस्थापनाची बैठक आहे. निलंबनाचा आदेश टंकून तयार आहे, आणि त्यानंतर पोलीस."

"तुम्हाला काय वाटतं?"

"एकोणीस वर्षांत त्यानं इथला एक खिळा घरी नेला नाही. पण वाटण्यावर बैठक चालत नाही, सर. हे तुम्हीच शिकवलंत."

चंद्रप्पा हौदाजवळ गेले, लोखंडी चौकटीचे झाकण खाली पाडले, साखळी कडीतून ओवली आणि कुलूप लावले. मग एका कोपऱ्याला धरून झाकण वर ओढले. सैल साखळी ताठ झाली, आणि झाकणाखाली एक वीत फट पडली.

"कुलूप शाबूत आहे," ते सावकाश म्हणाले, "पण हौद कधी पूर्ण बंद नव्हताच."

२

फटीतून त्यांनी हात घालून पाहिला. चौकट कोपराला अडली. बोटे जेमतेम पाण्याला टेकली. तळ आणखी दोन फूट खाली राहिला.

पाण्यातल्या दोन्ही नमुन्यांना बांधकामाच्या तारेचे फास बांधलेले होते. प्रत्येक फासाला वर गोल कडी आणि कडीला क्रमांकाचा पत्रा. उचलायला सोपे जावे म्हणून ही रियाजचीच पद्धत.

चाचणी विभागाचे तरुण अधिव्याख्याते वकार सर घाम पुसत उभे होते. "काल तीन वाजता मी आणि रियाजभाईंनी मिळून पाहिलं, सर. तिन्ही होते. मी नोंदवहीत सही केली आणि रेखाचित्राच्या पेपरवर गेलो. पाचपर्यंत चाळीस मुलांसमोर होतो."

"आणि रियाज?"

"साडेतीनला पाण्याचा टँकर आला, पेपरच्या खोलीतून दिसला. दर शुक्रवारी येतो. सगळा व्हरांडा नळीनं ओला झाला होता. रियाजभाई मागच्या टाकीवर नळी धरून उभे. अर्धा-पाऊण तास दालनात कुणीच नव्हतं."

"दुसऱ्या नमुन्याचं वेगळेपण काय?"

वकारने आवाज खाली आणला. "कापताना त्याच्यात पोकळ्या दिसल्या, सर. मधाच्या पोळ्यासारख्या. काँक्रीट नीट ठासलेलं नाही, आणि त्या खांबाला पाणीही मारलेलं नाही नीट. बांधकामाचे गुत्तेदार गुरुपादप्पा तिथं होते, आणि किरणोदयचे विरूपाक्ष सर होते. दोघंही गप्प बसले."

"काल दुपारी ते दोघं कुठं होते?"

"इथंच," वकार म्हणाला. "दोघंही."

फाटकावर पहारेकरी व्यंकटी बाकावर बसला होता. गेल्या वर्षी विजेच्या दोन छोट्या मोटारी चोरीला गेल्यापासून तो आत-बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी उलटी करून पाहत असे, आणि याचा त्याला फार अभिमान होता.

"माझ्या हातून मुंगी गेली न्हाई, सायेब. प्राचार्य मॅडमचा डबा बी मी उघडून बगतो."

"काल गुरुपादप्पा आले होते?"

"आले की! तीनच्या आधीच आले, टरबूज घेऊन. मॅडमची मिटिंग व्हती म्हून हितंच बाकावर बसले. साडेचारपत्तुर. माझ्याच चाकूनं कापलं आन् मला दोनच फोडी दिल्या. बाकी सगळं सोता खाल्लं. लई मोठ्ठं पोट हाय त्या माणसाचं."

"मध्ये उठले नाहीत?"

"उटतील कसे? उटले असते तर तिसरी फोड म्या घेतली नसती का?"

सर हसले नाहीत. पण त्यांच्या कपाळावरची एक आठी सुटली. "आणि विरूपाक्ष सर?"

"साडेचारला गेले. रिकाम्या हातानं. खिशात पेन, हातात कागुद."

म्हणजे पावणेचार किलोचा ओला दंडगोल फाटकाबाहेर गेला नव्हता. तो याच आवारात कुठेतरी होता, आणि घड्याळात पावणेबारा वाजले होते.

३

गुरुपादप्पांनी हात जोडूनच सुरुवात केली. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीवर लालसर डाग होता, आणि तो टरबुजाचा होता हे सांगण्यासाठी त्यांनी आपणहून बाही पुढे केली.

"अप्पा, तुम्ही आमच्या उदगीरचे. खोटं कशाला बोलू? उन्हाळ्याचं काम, टँकर मिळंना. एका खांबाला पाणी कमी पडलं आसंल. पण चोरी? अय्यो! चोरी करायला वाकावं लागतं, आणि मला बुटाची नाडी बांधायला माणूस लागतो."

विरूपाक्ष सरांची गोष्ट वेगळी होती. वय चौतीस, इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशात चार रंगांची पेने. भौतिकशास्त्राच्या त्यांच्या छापील टिपणांवर नांदेडपासून निलंग्यापर्यंतची मुले बारावी पार करत. वसतिगृहाच्या पाटीवर त्यांचेच नाव होते.

"मी काल तीन वाजून पाच मिनिटांपासून समोरच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत होतो, सर. मॅडमची परवानगी होती. मुलांच्या प्रयोगवहीसाठी नमुन्यादाखल वाचनं घेत होतो." त्यांनी घडी केलेला कागद उलगडला. "चार वाजून वीस मिनिटांनी स्प्रिंगचा ताणकाटा रियाजच्या हातात परत दिला. विचारा त्याला."

कागदावर सुबक अक्षरात लिहिले होते: ताणकाटा क्रमांक ४, क्षमता अडीच किलो. शून्य त्रुटी: नाही. म्हणजे रिकामा काटा बरोबर शून्यावर. खाली तक्ता. पाचशे ग्रॅमला वीस मिलिमीटर, हजारला चाळीस, दीड हजारला साठ, दोन हजारला ऐंशी, अडीच हजारला शंभर. प्रत्येक वाचन पाच वेळा घेतलेले, पाचही वेळा तेच.

"सुंदर," चंद्रप्पा म्हणाले. "जितकं वजन, तितका ताण. वीस वर्षं शिकवलं मी हे. माझ्या मुलांना एकदाही इतकं सरळ उत्तर आलं नाही."

"पद्धतशीर शिकवलं की येतं, सर."

"येत असेल. एक सांगा, हरवलेला नमुना साधारण किती भरेल?"

"दोन किलो दोनशे," विरूपाक्ष ताबडतोब म्हणाले, आणि लगेच स्वतःला सावरले. "म्हणजे पाण्यात. हवेत पावणेचार. तेवढ्या आकाराचं पाणी दीड किलोच्या वर होतं, ते वजा."

चंद्रप्पांनी मान हलवली. त्यांनी पाण्याचे नावही काढले नव्हते.

"सर, रियाजवर दया येते," विरूपाक्ष उठताना म्हणाले. "जिक्रा हुशार मुलगी आहे. बाप पोलीस ठाण्यात आणि मुलगी माझ्या वर्गात, असं कसं चालेल? चौकशी जितकी लांबेल, तितकं तिचंच वर्ष धोक्यात. तुम्ही अनुभवी आहात."

आवाज अगदी मऊ होता. तो ऐकून चंद्रप्पांच्या हातातला कागद किंचित चुरगळला.

४

रियाज भौतिकशास्त्र प्रयोगशाळेच्या दारात उभा होता. सकाळपासून त्याला कशालाही हात लावायची बंदी होती, म्हणून त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधून ठेवले होते.

आत भिंतीवर एका लांब फळीला सात ताणकाटे टांगलेले. प्रत्येकाखाली काळ्या रंगाची पट्टी, आणि पट्टीवर खडूने दोन आकडे.

"हे काय?"

"काटा देताना रिकामा किती दावतो ते डावीकडं. परत घेताना किती दावतो ते उजवीकडं. कुणी सांगितलं न्हाई, माझी आपली सवय. दिवस बदलला की पुसतो. आज पुसायला कुणी हात लावू देईना."

चंद्रप्पांनी चष्मा नीट केला. एक, दोन, तीन क्रमांकांखाली दोन्हीकडे शून्य. चारखाली डावीकडे वीस, उजवीकडे तीनशे पन्नास.

मग त्यांनी चौथा काटा डोळ्यांच्या रेषेत आणून पाहिला. खाली काहीही लटकलेले नसताना दर्शक तीनशे पन्नास ग्रॅमवर उभा होता. खालचा लोखंडी आकडा किंचित फाकलेला, आणि वरच्या कडीत सुताचा एक तुटका धागा अडकलेला.

"डावीकडचे वीस कशामुळे?"

"त्या पहाटे, भूकंपाच्या, सगळी फळी खाली आली. बाकीचे वाचले. चार नंबर फरशीवर आपटला. तेव्हापासून वीसच्या खाली येतच न्हाई."

"मग टाकून का दिला नाही?"

रियाजला हा प्रश्न अपमानाचा वाटला. "कामून टाकायचा, सर? खोटं बोलत न्हाई तो. वीस जास्त सांगतो, पण रोज वीसच सांगतो. वजा केलं की झालं. म्या पोरांना हेच सांगून राहिलो पाच वर्षं. पोरं ऐकत न्हाईत. वहीत 'शून्य त्रुटी नाही' लिहितात आणि मोकळी होतात."

"आणि काल तीनशे पन्नास दिसल्यावर तू काहीच बोलला नाहीस?"

रियाजने खाली पाहिले. "माझी पोरगी त्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसती, सर. एका काट्यापायी सरांना कसं बोलायचं? म्या खडूनं लिहिलं आणि गप बसलो. चोरीचा इचारच डोक्यात आला न्हाई."

"आता आला?"

रियाजचे पाठीमागे बांधलेले हात सुटले.

"हे तुम्ही बैठकीत सांगणार?" त्याने विचारले. "जिक्राचं काय?"

"मी फक्त काट्यानं सांगितलेलं वाचून दाखवणार," चंद्रप्पा म्हणाले. "पण त्याआधी नमुना सापडला पाहिजे. त्याच्यावाचून हा नुसता खडूचा आकडा आहे."

साडेबारा वाजले होते.

५

त्यांनी स्वतःला चोराच्या जागी उभे केले. हातात थेंब गाळणारा जड दंडगोल. व्हरांडा टँकरच्या पाण्याने ओला, तेव्हा मागे राहणाऱ्या ओघळाची चिंता नाही. पण रियाज कोणत्याही क्षणी परत येईल. लांब जाता येणार नाही. उघड्यावर टाकता येणार नाही. ताज्या कापलेल्या काँक्रीटचा तुकडा या आवारात कुणीही ओळखील. म्हणजे तो तुकडा पुन्हा पाण्याखालीच गेला पाहिजे.

"इथं आणखी पाणी कुठं असतं?"

"मागची मोठी टाकी, तिथं मीच होतो," रियाज म्हणाला. "पिण्याचे रांजण. आणि लोहारशाळेतली डोणी. तापलेलं लोखंड विझवायची. पण ती शाळा परीक्षा सुरू झाल्यापासून बंद हाय, सर. तिला महिनाभर पाणी घातलं न्हाई कुणी."

लोहारशाळेच्या दाराला नुसती कडी होती. आत धूळ, कोळशाचा वास आणि खिडकीतून आलेला उन्हाचा एक पट्टा. भट्टीशेजारी सिमेंटची डोणी: दीड फूट लांब, फूटभर रुंद. पाणी कोळशाच्या पुडीने काळेभोर; तळ दिसत नव्हता.

व्यंकटी साक्षीदार म्हणून सोबत आला होता. "ह्याच्यात काय दिसायचं, सायेब? काळं पाणी."

"पाण्यात नको पाहूस. काठाकडं पाहा."

डोणीच्या आतल्या भिंतीवर पांढऱ्या क्षारांच्या रेघा उमटल्या होत्या, एकीखाली एक, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. लातूरच्या बोअरच्या जड पाण्याने महिनाभर उन्हात आटत जाताना आपली उतरण स्वतःच आखून ठेवली होती. चंद्रप्पांनी गुडघे टेकले आणि बोटाने रेघा मोजल्या.

"सात पांढऱ्या रेघा. शेवटची रेघ कुठं असायला हवी?"

"पाण्याच्या लगोलग," रियाज म्हणाला. मग त्याचा आवाज बदलला. "सर... शेवटच्या दोन पाण्याखाली हायत."

"आटणारं पाणी बोटभर वर चढलं. कुणी घातलं नाही. मग पाण्यात काहीतरी आलंय, आणि त्यानं स्वतःपुरती जागा घेतलीय. दीड किलोभर पाणी बाजूला सारलंय. या डोणीत तेवढ्याला बोटभरच चढ येतो."

रियाजने त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी मान डोलावल्यावरच त्याने हात आत घातला. कोपर बुडाले. त्याची बोटे कशावर तरी थांबली, आणि काळ्या पाण्यातून पत्र्याच्या तुकड्याचे एक टोक वर आले. त्यावर कोरले होते: २.

व्यंकटी पुढे झेपावला. "थांबा, मी काढतो!"

"हात लावू नका," चंद्रप्पा इतक्या जोरात म्हणाले की दोघेही दचकले. "पाण्याबाहेर काढू नका. तो जिथं आहे तिथंच राहू द्या. व्यंकटी, तू इथून हलायचं नाहीस. कुणी टरबूज घेऊन आलं तरी."

६

दोन वाजता चाचणी दालनात सगळे जमले. टेबलावर निलंबनाचा आदेश होता. मॅडमनी त्यावर पेन आडवे ठेवले होते.

"नमुना सापडला, छान झालं," विरूपाक्ष म्हणाले. "पण यानं काय सिद्ध होतं? डोणी कुठं आहे ते रियाजला माहीत. किल्ली रियाजकडं."

"किल्लीपासूनच सुरू करू," चंद्रप्पा म्हणाले. "ज्याच्याकडं किल्ली आहे तो झाकण उघडतो, वाकतो, हातानं नमुना उचलतो. त्याला दुसरं काही लागत नाही. ज्याच्याकडं किल्ली नाही, त्याला या वीतभर फटीतून आत उतरणारा एक आकडा लागतो, आणि हातात घेऊन फिरलं तरी कुणी विचारणार नाही असं एखादं साधन."

त्यांनी पाच किलोचा मोठा ताणकाटा मागवला. त्याच्या कडीला सुताची दोरी बांधली आणि फटीतून आत सोडला. दुसऱ्या प्रयत्नाला आकडा पहिल्या नमुन्याच्या तारेच्या कडीत अडकला.

"वकार, वाचत राहा."

दोरी वर येऊ लागली. "दोन किलो दोनशे," वकार म्हणाले. "दोन दोनशे. अजून तेवढंच."

"अडीच किलोच्या काट्यालाही पेलेल असं. घरी बसून गणित करणारा इथंच थांबतो, कारण पुस्तकातलं उदाहरण इथं संपतं. पण नमुना पाण्याबाहेरही काढायचा असतो."

दंडगोलाचा माथा पाण्याबाहेर आला. वकारचा आवाज चढत गेला. "दोन सहाशे... तीन... तीन चारशे... पावणेचार!"

"पाणी त्याला खालून उचलून धरत होतं. तो वर आला तसा पाण्याचा आधार सुटला. अडीच किलोची स्प्रिंग पावणेचार किलोनं ओढली गेली. स्प्रिंग तिच्या मर्यादेत ताणली तर मूळ जागी येते. मर्यादेपलीकडं ताणली तर येत नाही." त्यांनी चौथ्या क्रमांकाचा काटा टेबलावर ठेवला. "हा आला नाही. काल देताना वीसवर होता, परत आला तेव्हा तीनशे पन्नासवर. मधल्या सव्वा तासात तो एकाच माणसाच्या हातात होता."

विरूपाक्ष हसले. "माझ्याकडून वजन जास्त टांगलं गेलं असेल. चूक झाली. चूक म्हणजे चोरी नव्हे."

"वजनांच्या पेटीत एकूण अडीच किलोच आहेत. रियाज, मोजून दाखव."

"मोजायची गरज नाही," विरूपाक्षांचा स्वर तीक्ष्ण झाला. "स्प्रिंग शेवटी बिघडली असेल. त्याआधीची माझी वाचनं तुमच्यासमोर आहेत. मी तिथं तासभर प्रयोग करत होतो. कागद बोलतो."

"तोच बोलतो," चंद्रप्पा म्हणाले आणि त्यांनी तो कागद मॅडमपुढे सरकवला. "'शून्य त्रुटी: नाही.' विरूपाक्ष सर, हा काटा भूकंपाच्या पहाटेपासून एकदाही शून्यावर आलेला नाही. तुम्ही तो हातात घेतला तेव्हा वीसवर होता. त्यावर एक वजन जरी टांगलं असतंत, तरी वीस जास्त दिसले असते आणि तुम्ही ते लिहिले असते. तुम्ही चांगले शिक्षक आहात. पण ही वाचनं तुम्ही घेतलेली नाहीत. ती तुमच्या छापील टिपणांतून उतरवलेली आहेत. मुलं दरवर्षी करतात तेच तुम्ही केलंत. प्रयोग न करता उत्तर लिहिलंत. मग तो तासभर तुम्ही कुठं होता?"

गुरुपादप्पा खुर्चीत अवघडून बसले. "सर," ते विरूपाक्षांना म्हणाले, "मी तुम्हाला म्हणलं व्हतं, तो खांब पाडून पुन्हा बांधू. पंधरा दिवसांचं काम व्हतं."

विरूपाक्षांनी चारही पेने खिशातून काढली आणि उगाच पुन्हा खोचली. "सोमवारी दोनशे मुलं येणार आहेत. प्रवेश थांबला तर मुलं दुसऱ्या वर्गांकडं जातील. एका खांबानं काय होतं? बाकीचे दोन नमुने चांगले आहेत. मी नंतर दुरुस्त करणारच होतो. मला फक्त तीन आठवडे हवे होते."

"तीन आठवडे मुलं त्याच खांबावर झोपली असती," मॅडम म्हणाल्या.

"काही झालं नसतं!"

"तेही उत्तर प्रयोग न करताच," चंद्रप्पा म्हणाले.

विरूपाक्ष उभे राहिले. चेहरा पांढरा पडला होता, तरी त्यांनी शेवटचा धागा पकडला. "ठीक आहे. पण तुमची चाचणी मेलीच आहे. नमुना नियमानं ठेवलेल्या जागेतून हलला. दोन दिवस पाण्यात राहिला पाहिजे. आता नवीन कापा. तीन आठवडे लागतीलच."

मॅडमनी प्रश्नार्थक नजरेने सरांकडे पाहिले. तीन वाजायला पस्तीस मिनिटे होती.

७

"तो दोन दिवस पाण्यातच आहे," चंद्रप्पा म्हणाले. "हौदातून डोणीत जाईपर्यंत दोन-चार मिनिटं बाहेर राहिला असेल, तेवढीच. नियम पाण्याचा आहे, हौदाचा नाही. आणि तारेवरच्या पत्र्यावर वकारनं मारलेला क्रमांकाचा ठसा जसाच्या तसा आहे. त्रयस्थ साक्षीदार म्हणून मी तो ग्राह्य धरतो आणि तसं लिहून देतो. तुम्ही तो उन्हात कुठं फेकला असतात, तर तुमचं म्हणणं खरं ठरलं असतं. लपवायला तुम्ही पाणी निवडलंत."

मॅडमनी सकाळी रियाजच्या कमरेचा काढून घेतलेला किल्ल्यांचा जुडगा टेबलावरून उचलला आणि त्याच्यापुढे धरला. "यंत्र तुम्ही चालवा, रियाजभाई."

एकोणीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच त्याला 'तुम्ही' म्हटले होते. रियाजच्या ते लक्षात आले की नाही, कळले नाही. त्याने जुडगा कमरेला अडकवला, डोणीतून दुसरा नमुना ओल्या गोणपाटात गुंडाळून आणला, तार सोडली आणि आधीच सपाट केलेली टोके पुसून तो दाबयंत्राच्या दोन पोलादी तबकड्यांमध्ये उभा केला.

यंत्र साधे होते. बारीक नळीत तेल दाबायचे. तो दाब तेलात सगळीकडे सारखा पसरतो आणि मोठ्या दट्ट्याला वर ढकलतो. माणसाच्या हाताचा जोर टनांत बदलतो. रियाज तरफ खालीवर करू लागला. दाब दाखवणाऱ्या तबकडीवरचा काटा निघाला.

"किती जायला हवा?" गुरुपादप्पांनी कुजबुजत विचारले.

"निदान बारा टन," वकार म्हणाले.

तीन टन. चार. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. पाच. नमुन्याच्या अंगावर केसासारखी एक रेघ उमटली आणि पोकळ्यांपोकळ्यांतून वाट काढत वर चढली. सहा. चंद्रप्पांची नजर आपोआप छताच्या कोपऱ्याकडे गेली आणि परत आली. सात. विरूपाक्ष दाराकडे वळले होते. आवाजासाठी ते थांबले.

साडेसातला तो आवाज झाला. मोठा नव्हता. कोरडे ढेकूळ पायाखाली चिरडावे तसा. काटा झर्रकन मागे पडला आणि नमुन्याची एक बाजू भुगा होऊन खाली सांडली.

"साडेसात," रियाज म्हणाला. त्याने तरफ सोडली. "साडेसात टन."

मॅडमनी निलंबनाच्या आदेशावरचे पेन उचलले, आदेश बाजूला सारला आणि कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहिल्या: वसतिगृहात प्रवेश देऊ नये, चोरीची तक्रार विरूपाक्ष यांच्याविरुद्ध. मग त्या क्षणभर थांबल्या आणि त्यांनी तिसरी ओळ जोडली. जिक्राची अकरावीची गुणपत्रिका आपल्यासमोर आणावी; तिचा गणिताचा एक तास रोज त्या स्वतः घेतील.

पाच वाजता चंद्रप्पा बस पकडण्यासाठी निघाले तेव्हा भौतिकशास्त्र प्रयोगशाळेचे दार उघडे होते. रियाज फळीपुढे उभा होता.

"चार नंबर आता टाकून द्यायचा का, सर? मॅडम म्हणून राहिल्या, भंगारात काढा."

"तुला काय वाटतं?"

रियाजने काटा फळीवर अडकवला. तो थरथरला आणि आपल्या नव्या जागी स्थिर झाला. त्याने खाली वाकून पाहिले, पुन्हा पाहिले, थोडा वेळ थांबून तिसऱ्यांदा पाहिले. मग ओल्या फडक्याने पट्टीवरचे दोन्ही आकडे पुसले, खडू घेतला आणि कोरड्या जागेवर सावकाश, ठळक अक्षरात लिहिले: ४ – रिकामा, तीनशे पन्नास. वजा करावे.